छोटा डीएसएलआर घ्यायला नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, म्हणजे बर्डीवर, निघण्याआधी

डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा; लेन्स सोडून उरते ती बॉडी. कॅननचा १५००डी बॅटरी-कार्डासकट ४७५ ग्रॅम भरतो, निकॉनचा डी३५०० ४१५ ग्रॅम. फरक ६० ग्रॅमचा, म्हणजे अर्ध्या संत्र्याएवढा. एवढ्या फरकासाठी लोक आठवडाभर यूट्यूब पाहत बसतात आणि मग त्याच बॉडीवर अर्धा किलोची १८-१४० एमएम झूम लेन्स लावून कॅमेरा घरी आणतात. दोन महिन्यांनी तो कपाटात जातो, कारण ‘जड होतो’.

म्हणून छोटा डीएसएलआर निवडताना सुरुवात लेन्सपासून करायची. रोज कोणती लेन्स लावून बाहेर पडणार ते आधी ठरवा, बॉडी त्यातून जवळपास आपोआप ठरते.

हिशेब करून पाहा. कॅनन २००डी मार्क टू ४४९ ग्रॅमचा. त्याला २४ एमएम एफ/२.८ ची चपटी पॅनकेक लेन्स लावली की १२५ ग्रॅम वाढतात, एकूण ५७४. (एफपुढचा आकडा लेन्सच्या छिद्राचा; तो लहान तितका उजेड जास्त.) ही लेन्स जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर जाड आहे, त्यामुळे कॅमेरा ऑफिसच्या बॅगेत डब्याशेजारी बसतो. डी३५०० ला ३५ एमएम एफ/१.८जी लावली तर एकूण सहाशेच्या थोडं वर जातं, आणि लेन्स समोर चांगली पाच सेंटिमीटर येते. १५००डी आणि त्याच्यासोबत डब्यात येणारी १८-५५ (हीच किट लेन्स) मिळून पावणेसातशे. कागदावर सगळ्यात हलकी बॉडी निकॉनची, पण बॅगेत सगळ्यात कमी जागा कॅनन घेतो. आपल्या छोट्या (डीएक्स) सेन्सरच्या डीएसएलआरसाठी अशी चपटी लेन्स निकॉनने काढलीच नाही.

आता या लेन्सांची नजर किती रुंद, तेही बघा. लेन्सचा एमएमचा आकडा कॅननच्या छोट्या सेन्सरवर १.६ ने गुणायचा, निकॉनच्या १.५ ने; उत्तर जितकं लहान तितकी नजर रुंद. म्हणजे २४ ची झाली ३८ आणि ३५ ची झाली ५२. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालच्या गल्ल्यांत मारबतीच्या भल्यामोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते तेव्हा दोन पावलं मागे सरकायला जागा नसते. तिथे ५२ च्या नजरेत मारबतीचं तोंड आणि हात मावतात, ३८ मध्ये खालची माणसंही येतात, आणि किट लेन्स १८ वर ठेवली तर बाजूच्या माड्यांवरची गर्दीसुद्धा. उलट घरात, पिवळ्या बल्बच्या उजेडात बाळाचे फोटो काढायचे असतील तर ३५ एमएम एफ/१.८ च्या तोडीचं किट लेन्समध्ये काही नाही. किट लेन्स ५५ वर एफ/५.६ ला अडते. एफ/१.८ त्यापेक्षा तीन स्टॉपहून जास्त उजेड आत घेते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), म्हणजे जिथे किट लेन्सला आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ६४०० लागतो तिथे ८०० मध्ये भागतं.

निकॉन घेणाऱ्यांनी एक गोष्ट वहीत लिहून ठेवावी. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. बर्डीवर जुनी ५० एमएम एफ/१.८डी स्वस्तात मिळते, हातात छानही वाटते, पण या बॉडीवर ती आपोआप फोकस करत नाही. लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी पाहिजे, त्यात मोटर लेन्समध्येच असते. त्यातही एएफ-पी डी३१००, डी३२०० अशा जुन्या बॉडीवर चालत नाही, आणि तिची फोकस रिंग विजेवर चालणारी असल्यामुळे तिथे हातानेही फोकस होत नाही. जुनी बॉडी एकाकडून आणि नवी लेन्स दुसऱ्याकडून घेणारे इथेच फसतात.

ताडोबा-पेंचसाठी

नागपुरातले कितीतरी पहिले डीएसएलआर सफारीच्या आदल्या आठवड्यात घेतले जातात. ताडोब्याच्या जिप्सीत मोबाईल चालत नाही, त्यामुळे वाघाचा फोटो काढायचा तर कॅमेराच लागतो. यासाठी कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम (३७५ ग्रॅम, नजर ४०० एमएमची) किंवा निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर (४१५ ग्रॅम, नजर ४५० एमएमची) पुरते. निकॉनच्या या लेन्सचे दोन प्रकार आहेत, एक व्हीआरचा (हाताचा थरथराट सावरणारी सोय, कॅननकडे तिलाच आयएस म्हणतात) आणि एक बिनाव्हीआरचा, दिसायला अगदी जुळे. लेन्सवर व्हीआरचं बटणही नसतं, तेव्हा नळीवरचं नाव अक्षर-अक्षर वाचा. हलत्या जिप्सीत ३०० एमएमवर बिनाव्हीआरची लेन्स म्हणजे दहातले आठ फोटो हललेले.

सकाळी गेट उघडतं तेव्हा झाडोऱ्यात उजेड फार कमी असतो. लेन्स लांब टोकाला एफ/५.६ किंवा ६.३ वर अडलेली, चालत्या जनावरासाठी शटर किमान १/५०० हवं, म्हणजे आयएसओ ३२०० च्या पुढे जाणारच. जाऊ द्या. दाणेदार फोटो नंतर सुधारतो, हललेला सुधारत नाही.

मोठी १५०-६०० भाड्याने आणली तर ती दोन किलोच्या घरातली असते, आणि साडेचारशे ग्रॅमची बॉडी तिच्या मागे बाटलीच्या बुचासारखी लटकते. तेव्हा बॉडीला धरून उचलायचं नाही. माउंटवर, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्यावर, ताण येतो. लेन्सखालच्या ट्रायपॉडच्या पायाला धरा, पट्टाही लेन्सलाच अडकवा. जिप्सीच्या दांडीवर टेकायला जाड कापडी पिशवीत दीड-दोन किलो तांदूळ भरून शिवून घ्या, विकतच्या बीनबॅगचं काम तीच करते. आणि कच्च्या रस्त्यावर लेन्स बदलायचीच नाही. समोरच्या जिप्सीने उडवलेली लाल धूळ सरळ आरशाच्या खोलीत जाते. १५००डी आणि डी३५०० मध्ये सेन्सर झटकून साफ करण्याची सोयही नाही.

आरशातून की पडद्यावरून

लेन्सनंतर एकच मोठा प्रश्न राहतो: डोळा लावून फोटो काढणार की मोबाईलसारखा पडदा पाहून? डोळा लावला की फोकसचं काम वेगळा सेन्सर करतो आणि स्वस्तातला १५००डी सुद्धा नऊच बिंदूंवर झटकन पकड घेतो. पडदा चालू केला की आरसा वर जातो, तो सेन्सर निकामी होतो, आणि १५००डी व डी३५०० मागे-पुढे चाचपडत फोकस शोधू लागतात. मूल तोवर खोलीतून निघून गेलेलं असतं. २००डी मार्क टू मध्ये मुख्य सेन्सरवरच ड्युअल पिक्सेल फोकस आहे, त्यामुळे पडद्यावरूनही तो चेहरा धरून ठेवतो. पडदा बाहेर वळतो, स्पर्शाने चालतो, आणि माइक लावायला भोक आहे. १५००डी आणि डी३५०० ला माइकचं भोक नाही. गॅदरिंगचे, नाचाचे व्हिडिओ करायचे असतील तर निवड इथेच संपली.

फक्त दुकानदार ‘फोरके’ म्हणाला की थांबा. २००डी मार्क टू वर फोरके लावलं की चित्र आणखी कापलं जातं, १८ एमएम सुमारे ४७ एमएमसारखी दिसते, आणि ड्युअल पिक्सेलही बंद पडतो. या कॅमेऱ्यावर फुल एचडीच काढावं.

पडद्याची किंमत बॅटरीत मोजावी लागते. त्याच २००डी मार्क टू चे कंपनीचे आकडे बघा: डोळा लावून १०७० फोटो, पडद्यावरून ३२०. डी३५०० एका चार्जवर १५५० पर्यंत जातो. रामटेकला दिवसभर फिरायचं तर निकॉनला दुसरी बॅटरी लागत नाही, कॅननवर पडदा वापरणाऱ्याला लागतेच.

बाकी बॉडींबद्दल थोडक्यात. कॅनन ३०००डी घेऊ नका. त्याचा लेन्स माउंट प्लास्टिकचा आहे, पडदा लहान आणि अंधुक, आणि व्ह्यूफाइंडरला चष्म्याच्या नंबरची चकती नाही. चष्मा काढून फोटो काढणाऱ्याला कायमच धूसर दिसेल, आणि तो आयुष्यभर फोकस खराब आहे असं समजेल. डी५६०० मध्ये ३९ फोकस बिंदू, वळणारा पडदा, माइकचं भोक, सगळं आहे. निकॉनने तो आणि डी३५०० दोन्ही बनवणं बंद केलंय, पण चांगल्या हातातून आलेला जुना डी५६०० मिळाला तर नव्या १५००डीच्या आधी तोच घ्यावा. डी३५०० चं एक दुखणं आहे. त्यात वायफाय नाही, फक्त ब्लूटूथ, आणि त्यातून मोबाईलवर दोन मेगापिक्सेलचाच फोटो येतो. फॅमिली ग्रुपला तेवढा पुरतो, छापायला कार्ड रीडर लागतो.

वाढदिवस-बारशाला वेगळा फ्लॅश लावणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅशची पट्टी नीट पाहावी. मधोमध एक मोठा गोल ठिपका असतो, साधा एका पिनचा कोणताही फ्लॅश त्यावरच पेटतो. २००डी मार्क टू मध्ये तो ठिपकाच नाही. त्याला कॅननच्या बोलीतला फ्लॅश किंवा ट्रिगर लागतो, तोही या बॉडीवर चालतो अशी खात्री करून. दुकानात लावून, पेटवून मगच पैसे द्या.

मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा, का नको, हा प्रश्न येणारच. कॅननचा आर१०० ३५६ ग्रॅमचा आहे, लहानच हवा असेल तर तो सरळ लहान आहे. डीएसएलआरच्या बाजूने दोन गोष्टी उरतात: बॅटरी दिवसभर चालते, आणि जुन्या लेन्स स्वस्तात, भरपूर मिळतात. त्या पुढेही वाया जात नाहीत. ॲडॅप्टर लावला की कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स मिररलेस आर मालिकेवर पूर्ण फोकससह चालतात, निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी त्यांच्या मिररलेस झेड मालिकेवर.

दुकानात

काउंटरवर बॉडी नुसती हातात घेऊन काही कळत नाही. बॅटरी, कार्ड आणि तुम्ही ठरवलेली लेन्स लावायला सांगा, मग एका हाताने पाच मिनिटं धरा. लहान बॉडीवर करंगळी खाली लोंबकळते, ते चालतं. पण बोटांची पेरं लेन्सच्या नळीला घासत असतील तर तो कॅमेरा तुमच्या हातासाठी नाही. डी३५०० ची मूठ या बाबतीत सगळ्यात खोल आहे, मोठ्या पंजाच्या माणसाने तो आधी धरून पाहावा.

मग फोकसची परीक्षा. काउंटरवर वर्तमानपत्र उभं टेकवा, कॅमेरा पेट्यांवर किंवा ट्रायपॉडवर ठेवा, लेन्स सगळ्यात लांब टोकाला आणि छिद्र पूर्ण उघडं, मधला बिंदू निवडून, दोन सेकंदांचा टायमर लावून एक फोटो डोळ्याच्या खिडकीतून फोकस करून काढा. दुसरा पडद्यावरून फोकस करून. दोन्ही मोठे करून अक्षरं बघा. पडद्यावरचा स्पष्टपणे जास्त तीक्ष्ण असेल तर आरशाच्या बाजूचा फोकस पुढे किंवा मागे पडतोय. महागड्या बॉडीत हे मेनूतून जुळवता येतं, या छोट्या बॉडीत ती सोय नसते. लेन्स बदलून पुन्हा बघा, तरी तसंच आलं तर बॉडी बदलून मागा. घरी गेल्यावर हे सिद्ध करत बसाल तर चपला झिजतील.

किटच्या डब्यातली लेन्स काढून वेगळी विकणं आणि त्या जागी हलकी टाकणं हा जुना खेळ आहे. कॅननच्या १८-५५ वर आयएस लिहिलेलं आहे का बघा, कारण ‘III’ खुणेची बिनाआयएस १८-५५ सुद्धा बाजारात आहे. फुकट मिळणारा ट्रायपॉड नाकारा आणि त्याच्याऐवजी एक रबरी ब्लोअर मागा. कार्ड ६४ जीबीचं, व्ही३० खुणेचं, सीलबंद. २४ मेगापिक्सेलची एक रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल पंचवीस एमबीच्या आसपास असते, म्हणजे त्यात दोन हजारांपेक्षा जास्त बसतात. बिलावर बॉडीचा सीरियल नंबर लिहून घ्या, आणि तो डब्यावरच्या व कॅमेऱ्याच्या बुडावरच्या नंबराशी तिथेच जुळवा.

जुना घेत असाल तर

निकॉनच्या जेपीईजी फाइलमध्ये आजवर किती वेळा शटर पडलं त्याची नोंद असते. मात्र फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर ही नोंद पुसली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. कॅननच्या फाइलमध्ये हा आकडा नसतो, कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. डी३५०० चं शटर एक लाख वेळांसाठी तपासलेलं आहे. तीस हजारांपर्यंत बिनधास्त घ्या, सत्तरच्या पुढे असेल तर भाव पाडा.

पण नुसत्या आकड्यावर भुलू नका. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांकडे राबलेल्या बॉडीचा आकडा आठ-दहा हजारच असतो, कारण व्हिडिओ चालू असताना शटर पुन्हा पुन्हा पडत नाही. तिची ओळख वेगळी: फ्लॅशच्या पट्टीचा रंग उडालेला, बुडाचा ट्रायपॉडचा आटा घासून चकाकणारा, वळणाऱ्या पडद्याचा सांधा ढिला. अशी बॉडी तासन्‌तास तापलेली असते. लेन्स झाकून ३० सेकंदांचा, आयएसओ ८०० चा एक फोटो काढा. पूर्ण मोठा करून पाहिल्यावर लाल-निळे ठिपके दोन-चार असतील तर ठीक, चांदण्या पडल्यासारखं दिसलं तर कॅमेरा परत द्या.

सेन्सरवरची धूळ पाहायला छिद्र एफ/२२ वर ठेवा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. ब्लोअरने उडणारे ठिपके किरकोळ, कडा असलेले वर्तुळाकार डाग तेलाचे असतात आणि ओल्या सफाईशिवाय जात नाहीत. लेन्स बॉडीवरून काढून मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि तिरकं बघा. धुळीचे कण सगळ्याच जुन्या लेन्समध्ये असतात, त्याचं काही नाही. काठाकडून आत सरकणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, तिच्या डब्यात तुमची दुसरी लेन्सही ठेवली जाणार आहे.

आपल्या हवेत कॅमेरा टिकवणं

नागपूरला बुरशी पावसाळ्यातच लागते असा समज आहे. खरा चोर कूलर. मे महिन्यात बाहेर हवा कोरडी ठणठणीत असते आणि आपण खोलीत वाळ्यातून दिवसरात्र ओली हवा सोडतो. त्या खोलीतलं कपाट कॅमेऱ्यासाठी जुलैसारखंच. उन्हाळ्यात कॅमेरा कूलर नसलेल्या खोलीत ठेवा, तिथे एरवी काहीच करावं लागत नाही. पावसाळ्यात घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात शंभर-दोनशे ग्रॅम सिलिका जेल, आणि आर्द्रता दाखवणारी छोटी घड्याळवजा डबी. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की तापवून पुन्हा निळं करता येतं, पण त्यात कोबाल्टचं मीठ असतं, तेव्हा ते स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका. नारंगी प्रकार घ्या, आणि त्यालाही वेगळं भांडं ठेवा. कॅमेऱ्याची कातडी किंवा फोमची बॅग डब्यात घालायची नाही, ती स्वतःच ओल धरून ठेवते.

या बॉडींच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलंय, आणि आपला पारा मेमध्ये ४५ ओलांडतो. उन्हातून फिरून सावलीत थांबलं तर काही बिघडत नाही. बिघडतं ते स्कूटीच्या डिक्कीत आणि कारच्या डॅशबोर्डवर ठेवून. तिथे मुठीचं रबर सुटतं, बॅटरी फुगते, लेन्सच्या पात्यांवर ग्रीस ओघळतं आणि छिद्र अडकायला लागतं. फुगलेली बॅटरी खाचेतून ओढून काढू नका, आत फाटली तर बॉडी गेली.

जुलै-ऑगस्टमध्ये एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर नेलात तर काचेवर दव धरतं. बॅगेची चेन बंद ठेवून वीस-पंचवीस मिनिटं बाहेरच राहू द्या. यातली कोणतीही बॉडी पाण्याला बंद नाही. फुटाळा तलावाच्या काठावर सर आली तर किराण्याची जाड पारदर्शक पिशवी, तळाशी लेन्सपुरतं भोक आणि एक रबरबँड एवढ्यावर काम भागतं.

घरी आणल्यावर पहिल्या रात्री करायची कामं दोन. व्ह्यूफाइंडरशेजारची चकती फिरवून आतले फोकस बिंदू स्वच्छ दिसेपर्यंत जुळवा. समोरचं दृश्य नाही, ते काळे चौकोन बघायचे. आणि कॅनन असेल तर मेनूत जाऊन कार्ड नसताना शटर पडू देणारी सेटिंग बंद करा. ती कारखान्यातून चालूच येते. कार्ड लॅपटॉपलाच राहिलेलं असतं, कॅमेरा खटाखट वाजत राहतो, पडद्यावर फोटोही क्षणभर दिसतो, आणि घरी येऊन पाहावं तर एकही नाही.